सोसायटीतली मोठी झाडं काढून पार्किंग शेड करावी का? उन्हाळ्याचा हिशोब मांडून उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात वाकडच्या बाजूला तुमची सोसायटी, पश्चिमेच्या कंपाउंडला लागून सहा मोठी झाडं, दोन करंज, एक जुना कडुनिंब आणि तीन रेन ट्री. कमिटीत ठराव येतोय की ही काढून तिथे पत्र्याची पार्किंग शेड टाकायची, कारण पानगळ फार, गाड्यांवर पक्ष्यांची घाण, पेव्हर ब्लॉक उचकटलेत आणि पावसाळ्यात एखादं पडेल अशी भीती. बदल्यात क्लब हाऊसमागे शंभर रोपं लावू म्हणतायत. तुम्हाला विचारायचंय की झाडांनी उन्हाळ्यात खरंच किती फरक पडतो, ते 'दहा डिग्री कमी होतं' वगैरे फॉरवर्ड खरे का, आणि नवीन लावायचीच झाली तर कुठली लावायची.

मी झाडांच्या कामात बरीच वर्षं आहे, छाटणी, पुनर्रोपण, सोसायट्यांची लागवड हेच रोजचं काम, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. ती सहा झाडं ठेवा. शंभर रोपं लावायची असतील तर जरूर लावा पण त्या सहांच्या बदल्यात नको. का ते खाली लिहितो, थोडं लांबेल पण मीटिंगमध्ये तुम्हाला हे सगळं लागणार आहे.

पहिले ते दहा डिग्रीचं. यात लोक तीन वेगवेगळी तापमानं एकत्र करतात. एक हवेचं, एक जमिनीचं किंवा भिंतीचं आणि एक आपल्या अंगाला जे जाणवतं ते. हवेचं तापमान चार-सहा झाडांखाली फारसं उतरत नाही, एखाद-दोन डिग्री, फार तर तीन, कारण हवा वाहती असते, शेजारच्या रस्त्यावरची गरम हवा सतत येत राहते. त्यामुळे कोणी झाडाखाली थर्मामीटर धरून 'बघा फक्त दीड डिग्रीचा फरक' म्हणालं तर त्याचं मोजमाप चुकीचं नसतं पण तो भलतीच गोष्ट मोजतोय. तुम्ही एक साधी इन्फ्रारेड गन घ्या, म्हणजे लांबूनच पृष्ठभागाचं तापमान दाखवणारं यंत्र, हजार-दीड हजारात ऑनलाइन मिळते, आणि एप्रिल-मे मधल्या कुठल्याही दुपारी तीन वाजता तुमच्या गेटवर उभं राहून मोजा. उन्हातला डांबरी रस्ता किंवा गडद पेव्हर साठच्या आसपास दाखवेल, तीन पावलांवर करंजाच्या सावलीतला तोच पेव्हर पस्तीस-चाळीस दाखवेल, आणि गन वर करून पानांवर धरली तर पान जवळपास हवेइतकंच दाखवेल. आता तीच गन उन्हात तापलेल्या एखाद्या पत्र्याच्या शेडला खालून लावा. पत्रा साठीच्या घरात सहज जातो आणि ती उष्णता खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर फेकत राहतो. सावली दोन्हीकडे आहे, पण पत्रा तव्यासारखा तापतो आणि पान तापत नाही. कमिटीतल्या ज्यांना आकडे आवडतात त्यांना हे एकदा प्रत्यक्ष दाखवा, माझ्या अनुभवात भाषणापेक्षा याने लवकर पटतं.

आणि अजून एक, बातम्यांत जो 'पुण्यात पारा 41 वर' येतो तो सावलीतला आकडा असतो. वेधशाळेचा थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंच, मोकळ्या जागेत ठेवतात, त्याच्यावर थेट ऊन पडतच नाही. म्हणजे 41 हा आकडा उन्हात उभ्या असलेल्या वॉचमनचा नाही, त्याला वरून सूर्य आणि खालून फरशी दोन्हीकडून भाजत असतं. माणसाचं शरीर हवेपेक्षा या किरणांनी जास्त तापतं, आणि झाड नेमकं तेच अडवतं. 2023 च्या एप्रिलमध्ये खारघरला भर उन्हात उघड्या मैदानावर कार्यक्रम झाला, उष्माघाताने 14 लोक गेले, आणि त्या दिवशी पारा काही विदर्भासारखा 45 वर नव्हता. कोकणातली दमट हवा, त्यात घाम वाळत नाही, आणि डोक्यावर सावली नाही. म्हणून मी नेहमी म्हणतो, किती डिग्री कमी झाले हे विचारण्यापेक्षा दुपारी दोन ते पाच या वेळेत माणसं जिथे उभी असतात, चालतात, काम करतात तिथे सावली आहे का हे विचारा.

आता झाड थंड कसं राहतं. मुळं पाणी ओढतात, पानांतून त्याची वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण पाऊण युनिटला थोडी कमी, 0.68 युनिट इतकी उष्णता खर्च होते. एखादं मोठं, पाणी मिळत असलेलं झाड दिवसाला शंभर लिटर पाणी सोडत असेल तर हिशोब 68 युनिटचा झाला. दीड टनाचा एसी तासाला साधारण सव्वापाच युनिट इतकी उष्णता खोलीतून बाहेर काढतो, म्हणजे ते झाड तेरा तास चाललेल्या एसीइतकं काम करतं. फरक एवढाच की एसी ती उष्णता उचलून तुमच्या डक्टमध्ये आणि शेजारच्याच्या खिडकीत टाकतो, वर कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता वेगळी. पण इथे एक अट आहे आणि ती कोणी सांगत नाही. हे सगळं तेव्हाच होतं जेव्हा मुळांना पाणी मिळतं. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेलं असेल, माती दगडासारखी दाबली गेली असेल तर झाड मे महिन्यात पानांवरची छिद्रं मिटून घेतं, जीव वाचवतं, आणि मग फक्त सावली उरते, गारवा नाही. म्हणून सिमेंटच्या रस्त्याकडेचं झाड आणि आळं असलेलं झाड यांच्याखाली बसल्यावर फरक कळतो.

रात्रीचंही बघा. शहरात खरा त्रास रात्री होतो. काँक्रीटच्या भिंती, स्लॅब, पार्किंगची फरशी दिवसभर ऊन पितात आणि रात्री दोन-तीनपर्यंत ती उष्णता सोडत राहतात, त्यामुळे गावात पहाटे गार होतं आणि शहरात होत नाही, आणि शरीराला दिवसभराच्या उन्हातून सावरायला जी वेळ लागते तीच मिळत नाही. म्हातारी माणसं, पत्र्याच्या घरात राहणारी माणसं, वरच्या मजल्यावरची माणसं यातच आजारी पडतात. अहमदाबादला 2010 च्या मे महिन्यात पारा 46.8 वर गेला होता, नंतर संशोधकांनी मोजलं तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाल्याचं निघालं. त्यानंतर 2013 मध्ये त्यांनी उष्णतेसाठी कृती आराखडा केला, मग नागपूरनेही केला. झाड काँक्रीटवर दिवसा ऊन पडूच देत नाही, म्हणजे रात्री सोडायला तिथे उष्णताच कमी साठते. तुमच्या पश्चिमेच्या विंगमध्ये खालच्या दोन-तीन मजल्यांवर जे राहतात त्यांना विचारा रात्री नऊला भिंतीला हात लावून बघायला, आणि जिथे झाड नाही त्या बाजूच्या फ्लॅटवाल्यांनाही विचारा.

आता शंभर रोपांचा हिशोब. हा साधा गणिताचा भाग आहे. बारा मीटर पसरलेल्या रेन ट्रीची सावली म्हणजे साधारण 113 चौरस मीटर. नर्सरीतून आणलेल्या रोपाचा पसारा अर्धा मीटर, सावली 0.196 चौरस मीटर. भागाकार केला तर एका झाडाला 576 रोपं लागतात, तीही फक्त सावलीच्या क्षेत्रफळाला. पानांची दाटी, उंची, मुळांची खोली हे धरलंच नाही. तुमची सहा झाडं आहेत. आणि शंभर रोपं क्लब हाऊसमागे जिथे लावणार तिथे दुपारी कोण उभं असतं? ती सगळी जगली तरी पंधरा वर्षं जातील, तोपर्यंत आत्ता दहा वर्षांची असलेली मुलं नोकरीला लागतील. झाडं 'संख्येने' मोजायची सवय आपल्याला सरकारी लागवडीच्या आकड्यांनी लावलीये, मोजायचं असेल तर सावली मोजा.

दिशेचं महत्त्वाचं आहे, नीट वाचा. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की घराच्या दक्षिणेला झाड लावा. ते युरोप-अमेरिकेच्या हिशोबाने आहे. पुण्यात मेच्या मध्यात शून्य सावली दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या थोडा उत्तरेलाच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. भिंत भाजते ती पश्चिमेची, दोन-अडीचपासून सूर्यास्तापर्यंत, जेव्हा हवाही सगळ्यात गरम असते. तुमची झाडं नेमकी पश्चिमेला आहेत. कोणीतरी पूर्वी विचार करून लावली असतील किंवा मूळच्या शेताच्या बांधावरची असतील, पण सोसायटीतली सगळ्यात मोक्याची जागा तीच आहे आणि कमिटी तीच मोकळी करायला निघालीये. शेड पाहिजेच असेल तर जिथे झाड नाही अशा उघड्या जागेवर टाका, वर सोलर पॅनल बसवा, कॉमन लाइट आणि पंपाचं बिल तरी कमी येईल. याला माझा अजिबात विरोध नाही.

आता झाडांच्या जाती. लोक नुसती 'देशी लावा' म्हणतात, मीही देशीच्याच बाजूचा आहे, पण उन्हाळ्याच्या सावलीसाठी अजून एक गोष्ट बघावी लागते, की एप्रिल-मे मध्ये त्या झाडावर पानं असतात का. बहावा अतिशय सुंदर, पण फुलतो तेव्हा अंगावर पानं नावाला असतात. पळस, पांगारा, काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडाशी निष्पर्ण. गुलमोहर, जो मादागास्करचा आहे, तोही एप्रिलमध्ये बोडका असतो आणि मेमध्ये फुलांसोबत हळूहळू भरतो, शिवाय लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ, पावसाळ्यात फांद्या पडतात त्यात त्याचा नंबर वरचा. ही झाडं पक्ष्यांसाठी, डोळ्यांसाठी लावा, जागा असेल तर आवर्जून लावा, पण बसायच्या बाकावर किंवा वॉचमनच्या केबिनवर सावली हवी असेल तर ती नकोत. करंज याबाबतीत फार गुणी झाड आहे, थोडे दिवस पानं गाळतो आणि एप्रिल लागला की पोपटी चकचकीत नवी पानं, मेमध्ये गच्च सावली. कडुनिंब तसाच, मार्च-एप्रिलमध्ये पालवी येऊन मोकळा. आंबा, जांभूळ, बकुळ बारमाही हिरवे, बकुळ मात्र वाढायला सावकाश, धीर ठेवावा लागतो. ताम्हण आपलं राज्यफूल, मेमध्ये पानं आणि जांभळी फुलं दोन्ही असतात, मध्यम आकाराचं, सोसायटीतल्या आतल्या रस्त्याला छान बसतं. जागा मोठी असेल, मैदानाची कड वगैरे, तर वड, नांदरुक, उंबर याला तोड नाही, पण हे इमारतीपासून, पाण्याच्या टाकीपासून आणि ड्रेनेजपासून लांब, दहा-बारा मीटर तरी.

काय लावू नका तेही सांगतो. बिल्डर लोकांचा आवडता तो उभा सुळक्यासारखा खोटा अशोक आणि पाम, दोन्हींची सावली एका माणसालाही धड पुरत नाही. कोनोकार्पस झटपट वाढतो म्हणून कुंपणाला लावतात, गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी आणली, तो नकोच. सप्तपर्णी आपलीच, देशी, पण पुण्यात रस्त्याकडेला इतकी लावलीये की दिवाळीच्या आसपास तिच्या फुलांच्या उग्र वासाने दम्याचे लोक हैराण होतात, बेडरूमच्या खिडकीसमोर तरी टाळा. आणि रेन ट्री परदेशी आहे म्हणून तुमच्याकडचे तीन कापा असं कोणी म्हणेल तर त्याला नाही म्हणा. नवीन लावताना देशी लावा, उभं असलेलं मोठं झाड मात्र कुठलंही असो, ते आज सावली देतंय. फक्त त्यांची तपासणी करून घ्या, रेन ट्रीवर पिठ्या ढेकूण येतो, मुंबईत त्याने बरीच झाडं वाळली, पानांमागे-फांद्यांवर पांढरा कापसासारखा थर दिसला की लगेच दाखवा.

आता तुमच्या लोकांच्या तक्रारी, त्या खोट्या नाहीत, पण प्रत्येकीवर कापण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. पानगळीचा पालापाचोळा जाळू नका आणि कचऱ्याच्या गाडीतही देऊ नका, त्याच झाडांच्या आळ्यात सहा इंच जाड पसरा, उरला तर जाळीच्या पिंपात कंपोस्ट करा. उन्हाळ्यात मातीचा ओलावा टिकवायला याच्याइतकं चांगलं काहीच नाही. पुण्यात 'ब्राउन लीफ' सारखे उपक्रम हेच करतात, एकाचा पाला दुसऱ्याच्या बागेला जातो. पक्ष्यांच्या घाणीला गाडीवर कव्हर, आणि जिथे बगळे किंवा कावळे रात्री बसतात तेवढे दोन स्लॉट व्हिजिटरसाठी ठेवा. पेव्हर उचकटलेत ते झाडाला हवा आणि पाणी पाहिजे म्हणून मुळं वर येतायत म्हणून. बुंध्याभोवती किमान एक मीटर, जमलं तर दीड-दोन मीटर, पेव्हर आणि त्याखालचं काँक्रीट दोन्ही काढा, कुदळीने नाही, हाताने आणि छोट्या पहारीने, मुळं न तोडता, आणि माती-पाचोळा भरा. दिल्लीत तर हरित लवादाने 2013 मध्येच झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता, म्हणजे हा काही माझा हट्ट नाही.

पडायची भीती, हा मुद्दा मी कधीच हलका घेत नाही कारण खाली माणसं असतात. पण झाड का पडतं हे समजून घ्या. बहुतेक मुळं वरच्या दोन फूट मातीत आडवी पसरलेली असतात, फांद्यांच्या पसाऱ्याच्याही बाहेर. केबलसाठी, गॅसलाइनसाठी, ड्रेनेजसाठी बुंध्यापासून तीन फुटांवर चर खणला की एका बाजूची सगळी मुळं जातात, आणि मग दोन पावसाळ्यांनी वाऱ्यात झाड त्या विरुद्ध बाजूला आडवं होतं. लोक म्हणतात झाड पडलं, पण मुळं आपणच तोडलेली असतात. मी एका सोसायटीत बघितलं, कंपाउंडची भिंत नवीन घालताना पायासाठी खणलं, पिंपळाची मनगटाएवढी चार मुळं सरळ कापली, वरून कोणाला काहीच दिसलं नाही, पानं हिरवीगार. अशा झाडाला मी धोकादायक म्हणतो, आणि जे पन्नास वर्षं वाऱ्यात उभं आहे, मुळं शाबूत आहेत, त्याला नाही. तुम्ही स्वतः बघा, बुंध्याजवळ जमिनीला भेग पडलीये का, एका बाजूची माती उचललीये का, झाड हल्ली जास्त कललंय का, खोडावर भूछत्र उगवलंय का, मोठ्या फांद्या वाळल्यात का, मोठी ढोली आहे का. यातलं काही असेल तर जाणकार माणूस बोलवून तपासा. नसेल तर पावसाआधी वाळक्या आणि एकावर एक घासणाऱ्या फांद्यांची हलकी छाटणी पुरते.

आणि छाटणी म्हणजे शेंडा उडवणं नाही. ही चूक इतकी सर्रास होते की मला त्याचा खरंच त्रास होतो. मजूर येतात, कोयत्याने आणि करवतीने वरचा सगळा घेर उतरवतात, खांबासारखं खोड ठेवतात, सोसायटी खूश की 'आता पडणार नाही'. सावली तर ऐन मेमध्ये जातेच, वर त्या कापांतून पाणी शिरतं, कूज लागते, आणि जिथून कापलं तिथून झुबक्याने नव्या फांद्या फुटतात ज्या खोडाला नीट धरून नसतात, चार-पाच वर्षांनी त्याच मोडून पडतात. म्हणजे सुरक्षित करायला गेलात आणि धोका वाढवलात. फांदी कापायची ती खोडाजवळच्या फुगीर कॉलरच्या जरा बाहेर, जड फांदी आधी खालून अर्धवट खाच देऊन मग वरून, नाहीतर साल सोलत खाली येते.

परवानगीशिवाय यातलं काहीच कापता येत नाही हेही मीटिंगमध्ये वाचून दाखवा. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, खाजगी जागेतल्या झाडालाही लागू, अर्ज उद्यान विभागाच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो, झाडावर नोटीस लागते, हरकती घेता येतात. 2021 च्या दुरुस्तीत पन्नास वर्षांपेक्षा जुनं झाड हेरिटेज ठरवलंय, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवीन झाडं लावायची अट आलीये. तुमचा कडुनिंब कदाचित त्यात बसेल, वय काढून घ्या. पार्किंग शेड पाहिजे हे कारण सहसा टिकत नाही, हरकत लेखी आणि फोटोसकट द्या.

आता नवीन लावायचंच तर. शंभर नको, वीस लावा आणि वीसच्या वीस जगवा. आत्ता मेमध्ये दुपारी तीन आणि पाच वाजता खडूने सावलीच्या कडा आखा, जिथे फरशी उघडी राहते आणि जिथून माणसं चालतात, मुलांची स्कूल बस थांबते, डिलिव्हरीवाले गाडी लावून उभे राहतात, त्या जागा निवडा. खड्डे आत्ताच खणून उन्हात तापू द्या, तीन फूट लांब-रुंद-खोल, सोसायटीच्या जमिनीत वीटभंगार आणि सिमेंटचा राडारोडा हमखास निघतो, तो बाहेर काढा आणि चांगली माती, शेणखत घाला. लागवड जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. रोप सहा-सात फुटी, खोड सरळ, आणि पिशवी काढल्यावर मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर ती सोडवा किंवा कापा, तशीच पुरलीत तर दहा वर्षांनी झाड स्वतःच्याच मुळांनी आवळतं. बुंधा जमिनीच्या पातळीलाच ठेवायचा, खोल गाडायचा नाही. बांबूचा आधार सैल बांधा, आणि लोखंडी ट्री गार्ड लावलात तर तो वेळेवर काढायची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवा, सालीत रुतलेले गार्ड मी रोज बघतो.

पाण्याचं, कारण मला माहितीये की पुढचा प्रश्न टँकरचाच असेल. तुमच्याकडे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, असणार, त्याचं प्रक्रिया केलेलं पाणी बऱ्याच सोसायट्या सरळ नाल्यात सोडतात. ते झाडांना द्या, वास येत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं एवढं बघून. रोज मगभर शिंपडू नका, त्याने मुळं वरच राहतात, आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर, सावकाश, संध्याकाळी, आळ्यात मुरेल असं. आणि हे मोठ्या सहा झाडांनाही एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवसांतून एकदा भरपूर द्या, बुंध्याला नाही तर फांद्यांच्या घेराच्या कडेखाली. नवीन रोपांना असं तीन उन्हाळे काढावे लागतात. पहिल्या वर्षी सगळे उत्साहाने पाणी घालतात, दुसऱ्या उन्हाळ्यात कमिटी बदलते आणि तिथेच रोपं मरतात, म्हणून माळ्याच्या करारातच तीन वर्षांचं पाणी लिहून घ्या आणि ठरावातही तेच वाक्य टाका.